भागीच्या कोंबड्या

दारव्ह्यात सुग्राबीची कोंबड्यांची पारख नावाजलेली होती. नवरा अय्यूब सायकली दुरुस्त करायचा. घरातलं तेल-मीठ सुग्राबीच्या अंड्यांवर निघायचं. तिच्या कोंबड्या सरकारी ब्लॉक ऑफिसातून मिळालेल्या विलायती जातीच्या, पांढरीशुभ्र अंडी देणाऱ्या. बाजारात पांढरी अंडी लवकर खपायची, म्हणून दुसऱ्या रंगाचं अंडं तिच्या खुराड्यात नसायचंच.

एकसष्ट साली मात्र तिनं दोन गावरान कोंबड्या आणल्या. त्या तिच्या नव्हत्या. तुराट्यांच्या कुंपणापलीकडच्या भागीरथेच्या होत्या, तिनंच चोरून दिलेल्या पैशांच्या. भागीरथेची पोरगी मुदतीच्या तापातून उठली होती, पार काडी झालेली. डॉक्टरांनी अंडं द्या म्हणून सांगितलं. पण सासू हंसाबाई माळकरी, घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"पांढऱ्या अंड्यावाली नको घेऊ, सुग्रा," भागीरथेनंच बजावलं होतं. "पांढरं टरफल उकिरड्यावर दुरून दिसते. मातकट अंडं देणारी पाह्य."

"तू कोंबडी घेऊन राह्यली का सून?" सुग्राबी हसली. पण बाजारभर फिरून, कोंबड्यांच्या कानाच्या पाळ्या पाहून, तिनं लाल पाळीच्या, म्हणजे मातकट अंडं देणाऱ्या, दोघी निवडल्या. रोज दुपारी हंसाबाईचा डोळा लागला की ती एक अंडं उकडून कुंपणातून द्यायची. घरी पाहुणे आले तरी मातकट अंड्याला तिनं कधी हात लावला नाही.

पोरगी अंगणात खेळू लागली. आणि एका दुपारी अंडं हातात असतानाच हंसाबाईनं भागीरथेचं मनगट धरलं. आरडाओरड ऐकून गल्लीतल्या बाया जमल्या.

सुग्राबी कुंपणाशीच उभी होती. भागी सांगेल, पोरीसाठी मीच मागितलं. फार तर चूप राहील, असं तिला वाटलं.

भागीरथेनं तिच्याकडे बोट केलं. "हिनंच देल्लं, आत्याबाई! मले काय म्हाईत काय हाय ते? पोरीले बाटवाले निघाली रांड!"

बाया वळल्या. रोज सुग्राबीच्या ओसरीवर बसून सुपारी खाणाऱ्या त्या पदर सावरत आपापल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुग्राबी दोन्ही कोंबड्या बगलेत धरून गल्लीतून, पुढच्या दारानं भागीरथेकडे गेली. भागीरथा ज्वारी पाखडत होती.

"भागीरथाबाई, तुमच्या कोंबड्या."

सुपाचा आवाज थांबला नाही. "कोणाच्या? आमच्या घरी कोंबड्या कायले येतीन?"

तिथं सोडल्या असत्या तरी त्या फिरून तिच्याच खुराड्यात आल्या असत्या. ती त्यांना घेऊन परतली.

सांजेला अय्यूब हात धुवत होता, तेव्हा ती म्हणाली, "या दोघी बाजारात काढून टाका."

"काहून? भागीच्या हायेत नं त्या? तिले इचारलं का?"

"इचारलं," सुग्राबी म्हणाली. "तिच्या नाहीत म्हणते."