हमीदचाचा आणि नातूरची खोली

हमीदचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी बाथरूममध्ये जात आणि काहीही न करता परत येत. म्हणजे, दारात उभं राहून एक खोल श्वास घेत, खिशातलं दिरहमचं नाणं काढून फरशीवर टकटक करत, आणि मगच सोफ्यावर बसून चहा मागत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चाटच पडले. शारजाच्या अल नहदात आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये ते मुलाकडे राहत. त्यांच्या छताला ओल आली होती, म्हणून वर चौकशीला आले होते. नाणं वाजवत एका टाईलपाशी थांबले आणि म्हणाले, "इथं पोकळ हाय, बाय." दुरुस्तीवाल्याने उकरलं, तर गळका पाईप नेमका त्याच टाईलखाली. त्या दिवसापासून मी त्यांना मानते.

रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव सोडून ते ऐन विशीत इकडे आले आणि एकतीस वर्षं प्लंबिंगचे फोरमन होते. किती टॉवर बांधले विचारलं तर हसत. "मोजले नाय. राहिलो मात्र एकात पण नाय." त्यांचं सगळं बोलणं फिरून पाण्यावर येई. "रंग खोटं बोलतो, मार्बल खोटं बोलतो. पाणी नाय बोलत. त्याला वाट मिळाली की ते येणार, खलास."

चौदा वर्षं भाडं भरल्यावर आम्ही इथेच घर घ्यायचं ठरवलं. त्यासाठी पुण्यातला फ्लॅट विकला होता. इथलं घर फसलं असतं तर आम्ही ना इथले राहिलो असतो ना तिथले. आणि तरीही एका शनिवारी, नुकत्याच पूर्ण झालेल्या एका टॉवरचा नमुना फ्लॅट बघून आम्ही दोघंही विरघळलो. खजूर, कहवा, पायाखाली आरसा वाटावा अशी फरशी. माझा नवरा मंदार तर बाल्कनीत उभा राहून आपलंच घर असल्यासारखा पाहुण्यांना कुठे बसवायचं ते सांगू लागला. लेक म्हणाला, "बाबा, जस्ट टेक इट!" सोमवारी सही करायची ठरली.

त्याच संध्याकाळी मी मोठ्या हौसेने चाचांना ब्रोशर दाखवलं. त्यांनी बिल्डरचं नाव वाचलं आणि चष्मा काढला. "यांची नऊ उन्हाळे खाल्लेली एक बिल्डिंग मला ठाऊक हाय. सहीच्या आधी ती बघून येऊ. नवी इमारत काय, सगळ्यांचीच छान असते."

रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. लॉबी अजून झकपक होती. चाचांनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते पार्किंगच्या उताराखाली उतरले आणि नातूरच्या खोलीच्या दारात उभे राहिले. नातूर म्हणजे इथला इमारतीचा राखणदार. हा मलबारचा, पन्नाशीचा माणूस होता. खोलीला खिडकी नव्हती. छताजवळून एक पाईप गेला होता, त्याच्या जोडातून थेंब पडत होते आणि खाली बादली ठेवलेली होती. चाचा सरळ त्याच्या खाटेवर बसले. बिल्डरबद्दल एक शब्द विचारला नाही. "घर कब गए थे, भाई?" "बच्चे कितने?" त्याने दिलेला काळा चहा निवांत प्यायले. सगळा वेळ नजर त्या जोडावर. मग उठले, त्याचा हात हातात घेतला आणि आम्हाला म्हणाले, "यल्ला, चला."

गाडीत बसताच म्हणाले, "हा बिल्डर नको."

मंदारचा पारा चढला. "चाचा, विथ ऑल रिस्पेक्ट, वॉचमनच्या खोलीचा आपल्या फ्लॅटशी काय संबंध? मी ऑनलाइन सगळं चेक केलंय."

"गिऱ्हाईक त्या खोलीत कधी जाणार नाय, हे बिल्डरला ठाऊक असतं," चाचा म्हणाले. "तुझ्या टाईलच्या खाली पण गिऱ्हाईक कधी जाणार नाय. जिथं कोण बघत नाय तिथं तो कसा वागतो, तेवढंच बघायचं."

"एका पाईपवरून?"

चाचा म्हणाले, "तो जोड माझ्या हातचा हाय. जोडाची टेस्ट नको, तारीख जवळ आलीय, पुढचं काम घे, कंपनीवाले म्हणाले. घेतलं. वरच्या बाथरूमना पण वॉटरप्रूफिंगचा एकच हात मारला न् टाईल लावून मोकळे झालो. घरी तीन पोरी होत्या, व्हिसा कंपनीचा होता. मी मान खाली घातली." मग माझ्याकडे वळले. "कालच सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, म्हातारा जुना राग काढतोय. डोळ्यांनी बघायला पायजे होतं, बाय."

ज्या माणसाच्या शब्दाला सगळी अल नहदा मान देत होती, त्याने आमचं घर वाचावं म्हणून स्वतःची अब्रू आमच्यापुढे काढून ठेवली होती. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि त्यांच्याइतका मोठा माणूस आजवर बघितला नाही असंही वाटत होतं.

सही झाली नाही. पुढचे दोन महिने आम्ही बिल्डर नाही, नातूर बघत हिंडलो. अखेर एका इमारतीत नातूरच्या खोलीला खिडकी सापडली, एसी सापडला, आणि भिंती कोरड्या सापडल्या. त्याच बिल्डरच्या नव्या इमारतीत फ्लॅट ठरवला. ताबा घेण्याआधी चाचांनी आमची दोन्ही बाथरूमं घोट्याइतक्या पाण्याने भरायला लावली. तिथला इंजिनिअर कुरकुरला, पण ऑफिसमधून कुणीतरी 'करू द्या' म्हटलं. दोन दिवस चाचा खालच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून छताकडे बघत बसले होते. नमाज आणि जेवण सोडलं तर जागचे हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी छताला तळहात लावून म्हणाले, "घे. राहा सुखानं."

मागच्या वर्षी ते कायमचे गावी गेले. जायच्या आठवड्यात मंदारला म्हणाले, "माझी पेटी जड हाय, जरा सोडशील?" मला वाटलं सामान असेल. पेटीत पाईपचे पाने, करवत, नवे जोड होते. मी जेवणाचा डबा घेऊन सोबत गेले. चाचांनी गाडी त्या नऊ उन्हाळ्यांच्या इमारतीपाशी थांबवायला सांगितली. नातूरने पाणी बंद केलं, मंदारने टॉर्च धरला, आणि अडुसष्ट वर्षांचे चाचा स्टुलावर चढले. जुना जोड कापून काढला, नवा बसवला. पाणी सुरू केलं. तासभर सगळे वर बघत राहिलो. एक थेंब पडला नाही.

नातूरने बादली उचलून बाहेर नेली. परत आल्यावर त्याने विचारलं, "चाचा, आपको कंपनी ने भेजा क्या?"

"हां, कंपनी ने," चाचा म्हणाले. "बहुत देर कर दी, भाई. माफ करना."