खिडकीतला कप

डॉक्टर म्हणाला, "कावीळ ब आहे, जुनी. गोळी रोज घ्यायची. पण यकृतावर चरबीही चढलीय. रोज चाळीस मिनिटं चाला आणि खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठा-बसा." मला तिथंच संशय आला. आमच्या मावळात काविळीच्या माणसाला खाटेवरून उतरू देत नाहीत, आणि हा मला पळवायला निघाला! ह्याच्याकडं धड औषध नसणार, म्हणून व्यायाम. दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं माझे बूट दाराशी आणून ठेवले. "पप्पा, धरणापर्यंत जाऊन या. चाळीस मिनिटं हं." मग कित्येक महिने रोज तेच. एक दिवस चुकवू देईना. माणसाला घराबाहेर काढायची एवढी कसली घाई? वलवणच्या रस्त्यानं जाताना पायांपेक्षा माझं डोकंच जास्त चालायचं.

त्यातच माझा कप वेगळा झाला. घरातले सगळे कप पांढरे, एकसारखे. मला मात्र निळ्या काठाचा. त्याची जागा फळीवर नाही, खिडकीत. कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. चहा पिऊन मीच तो धुवायचो, मीच खिडकीत पालथा घालायचो आणि मनातल्या मनात सुनेला शिव्या घालायचो. शिकलेली ना ती, गोड बोलूनच काम करणार!

वेगळा कप म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. माझा आजा ज्या शेतावर राबायचा, तिथं त्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. चहा वरून ओतायचे, पिऊन झाला की कप त्यानंच धुवायचा. पुढं आमचं घर बौद्ध झालं आणि तो कोनाडा सुटला. आणि आता माझ्याच घरात तो परत यावा?

एके सकाळी ठरवलं, आज रंगेहाथ पकडायचं. अर्ध्या वाटेवरूनच मागं फिरलो आणि मागच्या दारानं आलो. स्वयंपाकघरात दोघी उभ्या होत्या. सून माझा कप खिडकीतून उचलून फळीवर ठेवत होती आणि माझी बायको तो तिच्या हातातून काढून घेत होती.

"न्हाई गं, ऱ्हाऊ दे तितंच. घरात ल्हान पोर हाय."

"आई, डॉक्टरांनी फक्त ब्रश आणि दाढीचं सामान वेगळं ठेवायला सांगितलंय. कपानं नाही होत हा आजार. आणि बाळाला लस दिलीय की."

"तरी बी."

माझी बायको! "तुझ्या बापाचा कप कुठं असायचा गं?" मी दारातूनच ओरडलो. तिचा चेहरा पांढराफटक पडला. सून दचकून म्हणाली, "पप्पा, वीसच मिनिटं झाली!"

मला तिच्याकडं बघवेना. इतके महिने मी भलत्याच बाईला शिव्या घातल्या होत्या.

सुनेनं मला पांढऱ्या कपात चहा दिला. अर्धाच प्यालो. उठलो आणि सवयीनं नळाकडं गेलो, कप धुवायला. अगदी आज्यासारखा.

बायकोनं माझं मनगट धरलं. "मी भ्याले व्हते वो," म्हणाली. मग कप माझ्या हातातून घेऊन माझा उष्टा चहा तिथंच उभ्यानं पिऊ लागली. थोडा पदरावर सांडला. पण शेवटच्या घोटापर्यंत प्याली.