सुभेदारांच्या गोठ्यातला थोरला

नाथाजी सुभेदारांनी म्हशी विकल्या तेव्हा गावाला वाटलं, माणूस थकला. सुभेदार थकले नव्हते. त्यांना जागा हवी होती. महिन्याभरात गव्हाणीत पितळी कळश्या पालथ्या बसल्या, खुंट्यांना अडकित्ते लोंबायला लागले, आणि जिथं रेडकू बांधायचे तिथं तांब्याचा बंब येऊन उभा राहिला. त्या बंबात पुन्हा कधी कोळसा पडणार नव्हता. तरी सुभेदार अधूनमधून त्याची तोटी उघडून बघत. काही येत नसे. मग ते तोटी बंद करत.

कऱ्हाडच्या पूर्वेला, कृष्णाकाठच्या उसात त्यांचं घर. फौजेतली सगळी नोकरी कोठारात गेली. बूट, डबे, कांबळी, तंबूचे खुंटे. लढाई झाली तेव्हाही ते कोठारातच होते, लढणाऱ्यांना काय काय लागतं ते काढून देत होते. गावात मात्र "सुभेदार लढाईत होते" असं म्हणायची पद्धत पडली. कुणी तसं म्हटलं की नाथाजी पाण्याचा तांब्या तोंडाला लावत. तांब्या तोंडाला असला की माणसाला खरं-खोटं काहीच बोलता येत नाही.

जुन्या वस्तूंचा नाद त्यांना औंधला लागला. विजयमालाबाईंना यमाईची ओटी भरायची होती. ओटी भरून झाल्यावर वेळ उरला म्हणून दोघं तिथलं संग्रहालय बघायला गेले. एका काचेमागं पितळेचा डबा होता. असल्या डब्यात त्यांची आई मीठ ठेवायची. नाथाजींनी काचेला बोट लावलं तसा शिपाई म्हणाला, "हात लावू नका." इतकी वर्षं हुकूम ऐकले, पण हा एक हुकूम त्यांना मनापासून आवडला. एखाद्या मिठाच्या डब्याला कुणी हात लावू नये, हे जगात कुणाला तरी महत्त्वाचं वाटत होतं.

पैसे देऊन वस्तू घ्यायची नाही, हा त्यांचा कायदा. वस्तूला वस्तू. मोटारसायकलला स्टीलची नवी भांडी बांधून ते मेढ्याच्या डोंगरातल्या वाड्यांपासून लोणंदच्या बाजारापर्यंत हिंडत. जुना हंडा द्या, नवं पातेलं घ्या. बायका खूश असत, सुभेदारही खूश असत. एकट्या विजयमालाबाई खूश नसत.

"लोकांच्या दारात बोहारीण येती," त्या शेजारणीला सांगत. "आमच्यात घरातच हाय. मिश्यावाली."

गोठ्यात एक ठासणीची बंदूकही होती. तिचा चाप तुटलेला, नळीत गांधीलमाशीनं घर केलेलं. पण परवाना होता, त्यामुळं निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. सुभेदार तिला चादरीत गुंडाळून नेत आणि निकालानंतर परत आणत. गांधीलमाशीनं ते घर कधीच सोडलं होतं, परवाना मात्र दर वेळी नव्यानं होई.

मग दगड मिळाला.

जतच्या पलीकडं, जिथं पाऊस वाट चुकल्यासारखा येतो आणि चूक कळली की परत जातो, तिथं एका धनगरवस्तीवर ते चरवी बघायला गेले होते. चरवी गळकी निघाली. उठताना त्यांची नजर न्हाणीपाशी गेली. तिथं एक पुरुषभर लांबीचा काळा दगड आडवा होता आणि त्या घरची दगडाबाई त्यावर घोंगडी आपटत होती. दगडाच्या कडेला मातीतून एक कोरलेलं पाऊल बाहेर आलेलं. सुभेदारांनी ते पाऊल पाहिलं आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कोठारात माणूस हे शिकतो.

"अक्का, हा दगड द्याल का? बदल्यात शहाबादी फरशी आणून देतो. गुळगुळीत."

"न्ह्या की," दगडाबाई म्हणाली. "दगडाचं काय. पर आधी फरशी आना, कापडं कशावर धू मी?"

फरशी आली. तिचा मुलगा बिराप्पा आणि वस्तीवरचे चौघे लागले तेव्हा दगड टेम्पोत चढला. कोरीव बाजूला खरचटू नये म्हणून सुभेदारांनी घोंगडी मागितली. दगडाबाईनं एक जुनी दिली, तिच्यात गुंडाळून तो आला.

गोठ्यात उभा करून धुतल्यावर कळलं की तो वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या माणसाचा स्मृतिदगड. खालच्या चौकटीत दोन गायी आणि त्या चोरांपासून सोडवताना पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याची लढाई. समोर तिघं आणि हा एकटा. वरती अप्सरा त्याला दंडाला धरून नेताहेत आणि सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय, गायी चोरीला गेल्याच नव्हत्या असा.

सुभेदारांनी नारळ फोडला. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. आपल्याकडं मोटारसायकल घेतली, विहिरीवर पंप बसवला, पिठाची गिरणी सुरू केली की नारळ फुटतो. नाही फोडला तर काहीतरी उघडं राहिल्यासारखं वाटतं. विजयमालाबाईंनी त्याच सवयीनं हळदकुंकू वाहिलं, तांब्याभर पाणी घातलं, टेम्पोवाल्याला खोबरं दिलं.

त्या दिवसापासून दुपारची झोप सोडून सुभेदार त्या दगडासमोर खुर्ची टाकून बसू लागले. बाकीच्या वस्तू ते पुसत, मांडत, हलवत. याच्यासमोर नुसते बसत. हा माणूस कोठारात नव्हता. याच्याबद्दल कुणी काही म्हटलं तर याला तांब्या तोंडाला लावायची गरज नव्हती. आपल्या गोठ्यात एक तरी खरा लढलेला माणूस आहे, या विचारानं त्यांना बरं वाटे. सगळा गोठा रिकामा झाला असता तरी चाललं असतं, हा एक राहायला हवा होता.

एक चूक त्यांनी केली. वीरगळाचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. फरशीच्या वेळी बिराप्पाचा नंबर घेतलेला होता, त्यामुळं तो फोटो जतच्या पलीकडं वस्तीवर जाऊन पोचला.

आषाढातल्या एका रविवारी सकाळी दारात पिकअप थांबली. बिराप्पा उतरला, दगडाबाई उतरली. मग दोघांनी धरून एका म्हाताऱ्याला उतरवलं. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या हौद्यात भावकीतली पाच-सहा माणसं आणि एक बकरं होतं.

"या या, अक्का," सुभेदार म्हणाले. "फरशी फुटली की काय?"

"फरशी बेस हाय. पाय घसरतोय जरा."

"सुभेदार," बिराप्पा म्हणाला, "आमी आमचा थोरला न्ह्यायला आलोय."

"कोण थोरला?"

बिराप्पानं गोठ्याकडं बोट केलं.

सुभेदार दारात आडवे उभे राहिले. "ते कसं? आपला व्यवहार झालाय. दगडाला दगड."

"व्हय की," दगडाबाई म्हणाली. "दगडाला दगड दिलासा. देवाला देव कुठं दिला?"

"अक्का, तुमी त्याच्यावर घोंगडी आपटत होता!"

"पाठीवर. तोंडावर न्हाई. आन मला काय ठावं? मी लगीन हून आले तवापास्नं त्यो पालथाच हाय. ह्या मुत्त्यानं सांगितलं तवा कळलं."

मुत्त्या म्हणजे तो म्हातारा, गुंडा. बिराप्पाच्या आज्याचा धाकटा भाऊ. तो खाटेवर टेकला, दम खाल्ला आणि बोलायला लागला. मोठ्या दुष्काळात सगळी वस्ती मेंढरं घेऊन कर्नाटकात उतरली. वस्तीवर दिवा लावायला मागं कुणी राहणार नव्हतं.

"उघडा देव उपाशी ठिवू न्हाई," गुंडा म्हणाला. "भावानं त्येला पालथा निजवला. म्हनला, आलो की उठिवतो. भाऊ वाटंतच गेला. मी तिकडंच ऱ्हायलो, लेकीकडं. आत्ता आलो मरायला. हितं इचारतोय थोरला कुठाय, तर ही पोरं म्हनत्यात, मुत्त्या बडबडतोय. मग ह्येनं मोबाइल दावला."

"त्यात दिसलं तुमाला?" सुभेदारांनी त्याच्या डोळ्यांकडं बघत विचारलं.

"ह्येनं सांगितलं काय काय हाय त्यात. दोन गाया, तीन वैरी. आमचाच."

सुभेदार म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या हाताला लागला असता तर मुंबईला विकला असता. मी जपलाय."

"जपलाय त्ये दिसतंय," बिराप्पा आत डोकावत म्हणाला. "पर वाळलाय. तेल न्हाई, भंडारा न्हाई. कोरडा ठिवलाय गड्या त्येला."

हौद्यातली माणसं दोर घेऊन उतरली. सुभेदार दारातून हलले नाहीत, पण आपण किती वेळ असे उभे राहू शकू याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता. तेवढ्यात विजयमालाबाई चहा घेऊन आल्या. दोर बघून त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"आवं, आसं दोर लावून कसं न्हेताय? ह्यांनी बसवताना नारळ फोडलाय. मी हळदकुंकू वाहिलंय, पाणी घातलंय."

गुंडानं मान वर केली. "नारळ फोडला?"

"फोडला की."

"आन आनला कशातनं?"

"तुमच्याच घोंगडीतनं."

"मग झालं," गुंडा म्हणाला. "घोंगडीवरनं आला, नारळ घेतला. बसला त्यो. आता त्येला कसा उचलायचा?"

"मुत्त्या, त्यो नारळ काय देवाचा हाय व्हय?" बिराप्पा तापला. "टेम्पो सुखरूप आला म्हनून फोडला आसंल. इचारा त्यांनाच. सुभेदार, खरं सांगा, कशाचा नारळ व्हता?"

सगळे नाथाजींकडं बघू लागले. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. तो रिकामा होता. ते तरी प्याले.

"ऱ्हाऊ दे," गुंडा म्हणाला. "मानसाला नगं, त्येलाच इचारू. कौल लावा."

कण्हेरीची फुलं आली. दगडावर पाणी ओतलं. बिराप्पानं दोन पाकळ्या ओल्या करून वीराच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. दगडाबाईनं वर बघितलं.

"आधी त्यो पंखा बंद करा."

पंखा बंद झाला. गुंडानं दगडाशी तोंड नेऊन, घरातल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "थोरल्या, चुकी आमची हाय. तू पालथा निजलास, आमी इसरलो. आता सांग. हितंच ऱ्हायाचं आसंल तर उजवा दे, घरला यायाचं आसंल तर डावा दे."

"उजवा कुणाचा?" सुभेदारांनी विचारलं. "आपला का त्याचा?"

"त्येचा. तुमचा कोन इचारतोय?"

सगळे थांबले. सुभेदारांच्या टाचा आपोआप जुळल्या होत्या, हात मांड्यांना चिकटले होते. राहा, ते मनात म्हणाले. आजवर त्यांनी कुठल्या देवाकडं काही मागितलं नव्हतं. मागणी अर्ज दुसऱ्यांचे येत आणि ते पुरे करत. राहा. बिराप्पाचेही ओठ हलत होते. त्याच दगडाकडं तो नेमकं उलटं मागत होता, आणि त्याचा हक्क जास्त होता, हे सुभेदारांना कळत होतं. तरी ते थांबले नाहीत. राहा.

डाव्या पाकळीवर माशी बसली. पाकळीचं टोक सुटलं. दगडाबाईनं पदर तोंडाला लावला. माशी उडाली. पाकळी टोक सोडून तशीच राहिली, आणि उजवी, जिला कुणी बघतही नव्हतं, खाली पडली.

"उजवा," गुंडा म्हणाला.

"राहिला," सुभेदार म्हणाले. माल जमा झाल्यावर म्हणायचे तसं.

बिराप्पा खाली बसला. पटक्याच्या शेवानं त्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला. मग उठला आणि हौद्यातल्या माणसांना म्हणाला, "बकरं उतरवा."

"बकरं कशाला?" सुभेदारांनी विचारलं.

"घरला न्हेऊन कापनार व्हतो. आता त्यो हितं हाय तर हितंच. दर आमुशाला मी येत जाईन. दसऱ्याला सगळी भावकी यील."

"किती जण?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"आमी घरचीच. दोन ट्रक."

तेलाचा डबा उघडला गेला. "तेल नको!" सुभेदार पुढं झाले. "दगड खराब होतो. कोरीव काम बुजतं."

"प्याला तर बघा कसा," दगडाबाई म्हणाली, आणि तेल अप्सरांवरून, वीरावरून, गायींवरून खाली आलं. दगड काळा, नवा दिसायला लागला. बिराप्पानं पिशवीतला भंडारा सुभेदारांच्या तळहातावर ओतला.

"पयला तुमी. तुमच्या दारात हाय."

पिवळी मूठ घेऊन सुभेदार दगडासमोर वाकले. जिथं नक्षी नाही अशी जागा ते शोधत होते. तशी जागा नव्हती. शेवटी त्यांनी तळाशी, गायीच्या खुरापाशी बोट नेलं.

"तितं न्हवं," गुंडा म्हणाला. त्याला दिसत नव्हतं, पण समजलं होतं. "कपाळाला."

मधल्या चौकटीत, तिघांसमोर एकटा उभा असलेल्या त्या माणसाच्या कपाळावर सुभेदारांनी अंगठा टेकवला. तिथं दगड थोडा खोलगट होता, गुळगुळीत. तो खळगा त्यांनी रोज दुपारी बघितला होता आणि पावसानं झिजलाय असं समजून सोडून दिला होता. अंगठा त्यात बरोबर बसला. पावसाला अंगठा नसतो. किती जणांनी, किती पिढ्या, इथंच टेकवला असेल. आणि आता त्या ओळीत हा एक, कोठारातला. त्यांनी हात काढला नाही.

"झालं की," बिराप्पा मागून म्हणाला. "सरा आता, सुभेदार. मागं मानसं हायती."