पुढे बसणारीचं हेल्मेट
नव्या हेल्मेटच्या आतल्या फोमचा वास आला की मला वर्तकनगरमधलं ते दुकान आठवतं. मोटरसायकल शिकून मी नुकतीच स्वतःची गाडी घेतलेली, आणि आई हट्टाने सोबत आलेली. दुकानदाराने गुलाबी फुलांचं हलकं हेल्मेट पुढे केलं, "ताई, मागे बसायला हे मस्त आहे." आई म्हणाली, "ती पुढे बसते. नीट दाखवा." मग त्याने जाडजूड काळं हेल्मेट काढलं. ते डोक्यावर आरामात बसलं म्हणून मी खूश, तर आईने दोन्ही हातांनी धरून, बाजारात नारळ हलवून बघतात तसं हलवलं. "अगं, आत डोकं खुळखुळतंय! नारळ वाजला तर घ्यायचा, हेल्मेट नाही." लहान साइजमध्ये माझे गाल पुरीसारखे फुगले, पण ते जागचं हललं नाही. मग तिची नजर माझ्या नाजूक पट्ट्यांच्या सँडलवर गेली. "आणि ह्यांनी गिअर टाकणार?" शेजारून घोटे झाकणारे बूट घेतल्यावरच आम्ही निघालो. काल त्याच दुकानात आईसाठी हेल्मेट घेतलं. "मागे बसायला ना?" दुकानदाराने विचारलं. हेल्मेट घालून स्वतःच डोकं हलवून बघत आई ऐटीत म्हणाली, "मागेच. पुढे माझी पोरगी बसते."