शैलाची पक्कड

"वहिनी गेल्या. प्रतिकारशक्तीच नव्हती हो त्यांच्यात…" शैलाच्या दिरांचा, वसंतरावांचा, लातूरहून फोन आला तो असा. नांदेडला माझ्या स्वयंपाकघरात मी फोन धरून उभी होते आणि रडू यायच्या आधी मला संताप आला. प्रतिकारशक्ती नव्हती म्हणे! तीच तर उतू जात होती आणि तिनंच शैलाला खाल्लं. पण जन्मभर विज्ञान शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे सांगणार कोण? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शैला आणि मी नांदेडच्या एकाच कॉलेजात होतो. ती जीवशास्त्र शिकवायची, मी मराठी. संधिवातानं तिची बोटं वाकडी होत गेली, तसं तिचं बोलणं जास्तच सरळ झालं. मला कळावं म्हणून एकदा स्टाफरूममध्ये चहा घेताना म्हणाली, "हे बघ, शरीरातल्या सैनिक पेशी एरवी गोवऱ्यांच्या मंद आचेवर जगतात. जंतू आले की उसाचं वाळलेलं पाचट पेटवल्यागत साखर भराभरा जाळतात. त्यानं ताकद चटकन मिळते, अन् त्या जाळाचा जो धूर निघतो ना, तोच बाकीच्यांना लढा म्हणून सांगतो. लढाई संपली की परत गोवऱ्यांवर यायचं असतं. माझ्या मेल्या येतच न्हाईत! शत्रू न्हाई, काही न्हाई, नुसतं पाचट जाळून राहिल्यात, अन् भाजतात माझेच सांधे." हे माजलेलं सैन्य आवरायलाच ती आठवड्याला एक गोळी घ्यायची. गॅसचं बटण बोटांनी फिरेना, म्हणून तिनं शेगडीशेजारी खिळ्याला एक पक्कड टांगली होती. दूध वर यायला लागलं की पकडीनं गॅस बंद करायची आणि म्हणायची, "पेटवता काय, कुणालाही येतं."

मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर वसंतराव तिला लातूरला घेऊन गेले. त्यात माया होती असं सगळे म्हणतात. असेल. तिथं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की या गोळीनं प्रतिकारशक्ती कमी होते, आणि मुख्याध्यापकांनी तेवढंच वाक्य उचललं. गोळी बंद, गुळवेलीचा काढा सुरू. म्हणजे आग लागलेल्या घरात रॉकेल! मी लातूरला जाऊन भांडले, तर चहा पाजून माझी बोळवण केली. नंतर शैलाच फोनवर म्हणाली, "मी कागदावर चित्र काढून दाखवलं गं. म्हणाले, वहिनी, पुस्तकातलं वेगळं अन् घरातलं वेगळं. गोळ्यांची पट्टी मला फोडता येत न्हाई, अन् हे फोडून देईनात. रोज किती भांडू? …लई थकले." तिला हरवायला त्या घरात विद्वत्ता लागली नाही, नुसता हट्ट पुरला. सूज सांध्यांवरून फुप्फुसांत उतरली. मग धावपळ झाली, मोठं हॉस्पिटल झालं, औषधं पुन्हा सुरू झाली… पण उशीर झाला होता.

गेल्या आठवड्यात तिच्या महिन्याच्या श्राद्धाला गेले. बाहेरच्या खोलीत नातेवाईक तिच्या सोसण्याचं कौतुक करत बसले होते. सोसणं कसलं? तिला सोसायचं नव्हतं, तिला गोळी हवी होती. मी उठून आत गेले. शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाहुण्यांसाठी काढा उकळत होता. मागोमाग वसंतराव आले. "घ्या मॅडम, हवा बदलून राहिली. प्रतिकारशक्ती पाहिजे माणसाला. वहिनींना उशिरा सुरू केला, तेवढंच चुकलं बघा."

शेजारच्या खिळ्याला तिची पक्कड टांगलेली होती. नांदेडहून येताना शैलानं ही तेवढी बरोबर आणली होती. मी ती काढली, बटण धरलं आणि गॅस बंद केला.

"अहो, अजून आटायचाय तो!"

मी पक्कड पर्समध्ये टाकली आणि नांदेडची बस धरली. आता ती माझ्या शेगडीशेजारी असते. माझी बोटं अजून धड आहेत, तरी गॅस मी तिनंच बंद करते.