शालिग्राम फौजीची घागर

“मना भाऊ व्हता तो, वहिनी. त्याची घागर गावातच भरायची.” सुपडूने चहाची बशी दणकन खाली ठेवली.

“भाऊ होता ना? मग वेशीवर काठी घेऊन कोण उभं होतं?” भागीरथी सुपातले गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“गावानं अडवलं. मी एकटा काय करणार होतो?”

“काठी तर खाली ठेवता आली असती.”

सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या त्या एका खोलीत सकाळपासून हेच चाललं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती; शालिग्राम फौजी गेल्यानंतरची पहिलीच. त्या दिवशी खानदेशातल्या घरात गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात आणि कोणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. तो जेवला की गेलेला जेवला. सुपडूने गावात भाऊबंदांतल्या चिंधाआप्पाला पितराचं आमंत्रण देऊनही टाकलं होतं.

शालिग्राम मिसरूड फुटायच्या वयात फौजेत गेला. एकाहत्तरच्या लढाईबद्दल पोरांनी विचारलं, तर “चिखल फार होता,” एवढंच सांगे. पेन्शनीत निघाल्यावर जमीन धाकट्या सुपडूच्या हाती सोडून तो सुरतेला आला आणि तिथल्या सचिन भागातल्या एका मिलवर वॉचमन झाला. बायको भागीरथी साड्यांच्या घड्या घालायला भल्या सकाळी जायची, म्हणून लेकीच्या, योगिताच्या वेण्या तोच घालायचा. इतक्या घट्ट, की पोरीचे डोळे ताणले जायचे. कुंदनचे बूट तोच चमकवायचा. सगळे जेवल्याशिवाय ताटावर बसायचा नाही. “लंगरमध्ये हवालदार शेवटी जेवतो,” म्हणायचा आणि पातेलं भाकरीने पुसून घ्यायचा.

गेल्या वर्षी प्लेग आला आणि सुरत रिकामी होऊ लागली, तेव्हा त्याने बायकापोरांना ट्रकमध्ये घातलं आणि गावाकडे निघाला. गाव आपलं आहे, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. कोटावर मेडलं लावली होती. वेशीवर माणसं काठ्या घेऊन उभी होती. पुढे चिंधाआप्पा.

“फौजी, मेडलं पाहून रोग थांबत नही. माघारी फिर.”

आप्पाच्या मागे सुपडू होता. हातात काठी, नजर जमिनीवर.

शालिग्रामने वाद घातला नाही. स्वतःच्याच शेतातल्या खोपीत त्याने बायकापोरांना उतरवलं. “कॅम्प समजा,” म्हणाला. मिलचे मालक पळाले होते, पण चाव्या याच्याकडे होत्या. मेडलं काढून त्याने भागीरथीच्या हातात दिली आणि तो सुरतेला परतला.

त्याला ताप भरला तेव्हा मिलवर दुसरा वॉचमन, परजातीचा भिकन, तेवढा उरला होता. त्याने शालिग्रामला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. पुढे अग्नीही त्यानेच दिला. प्लेग होता की साधा ताप, कोणी सांगितलं नाही. खोपीत निरोप पोचला तोवर राख तापीत गेली होती.

“योगिताचं लग्न जमवायचं शे,” सुपडूने आवाज उतरवला. “भाऊबंद तोडले तर मांडवात कोण येईल? तुमचे सुरतवाले?”

“आई, काका खोटं नाही बोलत,” कुंदन म्हणाला. “एक दिवस जाऊन येऊ ना.”

“मारे नथी जवुं. नाही यायचं मला,” योगिता आरशासमोरूनच म्हणाली. “त्या खोपीत गाववाले पाणीसुद्धा लांब ठेवून जायचे. मांडवात नाही आले तर नाही आले.”

“तू गप,” कुंदन म्हणाला.

भागीरथीने सुपातला खडा उचलून दाराबाहेर फेकला. “भाऊजी, चिंधाआप्पाच्या तोंडून ते जेवतील, असं वाटतं तुम्हाला?”

“रीत शे ती. पितराला जातीतलाच माणूस लागतो.”

“आणि अग्नी द्यायला?”

सुपडू टोपी चाचपत राहिला. कुंदनने बापाच्या खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं आणि मान वळवली.

भागीरथीने गहू डब्यात ओतले, सूप भिंतीला लावलं आणि पदराने हात पुसले.

“कुंदन, घागर इथल्याच कुंभाराकडून आण. पाटावर भिकन बसेल.”