मीठ उतरेपर्यंत

लेन व्रोबेलचा मिठावर राग होता. ताटातल्या नव्हे. डॉक्टरांनी बजावूनही खारवलेली काकडी तो बरणीत बोटं घालून खायचा. राग होता रस्त्यावरच्या मिठावर. आमच्या बे सिटीत नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला की काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, ट्रक मीठ फेकत फिरायला लागतात, ते पार एप्रिलपर्यंत. त्याने बर्फ वितळतो, माणसं घसरून मरत नाहीत, हे लेनला मान्य होतं. "पण गाड्या गंजून मरतात त्याचं काय?" असं तो विचारायचा आणि समोरचा हसला की चिडायचा.

चिडायला कारण होतं. अठ्ठावन्न साली त्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे पंचावन्नच्या मॉडेलची दोन दारांची गाडी होती, खाली हिरवी, वर पांढरी. चर्चच्या पायऱ्यांवरून नवरानवरी थेट तिच्यात बसून निघाली. सहा हिवाळे त्या गाडीने काढले. सातव्या हिवाळ्यात डलोरिसने, म्हणजे लेनच्या बायकोने, बाजाराची पिशवी सरकवायला पाय जरा जोरात टेकवला आणि पाय तळाच्या पत्र्यातून आरपार रस्त्यावर! बूट तिथेच राहिला. पाय शाबूत राहिला हे नशीब. डलोरिसची थोरली बहीण बर्निस सहा गल्ल्या पलीकडे राहायची. तिला आयतं कोलीत मिळालं. "आमच्या लेनने बायकोला गाडी दिली हो, पण चालायचं तिचं तिनेच!" नाताळ असो, बारसं असो, कुणाचं मयत असो, पस्तीस वर्षं बर्निसने हे वाक्य वाढलं, आणि पस्तीस वर्षं लेनने ते गिळलं.

माणूस वाईट नव्हता. गिअरच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होता. दिवसभर दाते मोजायचे, केसाएवढी खोट दिसली की तुकडा बाजूला फेकायचा. असं काम चौतीस वर्षं केलं की ते हातातून डोळ्यांत जातं आणि डोळ्यांतून डोक्यात. घरी आला तरी त्याचं तेच. डलोरिसने केक केला की हा आधी कडा बघायचा. ती म्हणायची, "खा रे बाबा, पास कर एकदाचा."

निवृत्त झाला त्या ऑक्टोबरात स्टँडिश गावच्या एका शेतातल्या कोठारात त्याला तीच गाडी सापडली. तीच म्हणजे त्याच सालची, त्याच रंगांची. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. शेजारच्या हार्लनने आपल्या ट्रेलरवर घालून ती आणली आणि गराजमध्ये ढकलताना म्हणाला, "लेका लेन, हिच्यात गाडीपेक्षा भोकंच जास्त आहेत."

त्याच महिन्यात डलोरिसच्या फुप्फुसांचं कळलं. आतून घट्ट होत चालली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, हा हिवाळा निघेल बहुतेक, पुढच्याचं बोलू नका. घरी येताना डलोरिसने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "ते कोंबड्यांचं खुराडं कधी तयार होईल?"

"का गं?"

"मला त्यात बसून बर्निसच्या खिडकीवरून जायचंय. जोरात हॉर्न द्यायचा, हात हलवायचा, आणि थांबायचं नाही. चहा प्या म्हणाली तरी थांबायचं नाही."

लेन हसला. मग त्याला रडू आलं म्हणून त्याने गाडी कडेला घेतली. "वसंतात," तो म्हणाला. "शब्द देतो डॉली. पहिल्या फेरीला तू."

आणि मग त्याने जो हिवाळा गाडीपायी घालवला, त्याला तोड नाही. खोटं कशाला बोलू, तसं काम आमच्या गल्लीत आजवर कुणी केलेलं नाही. पहाटे उठून रॉकेलचा हीटर पेटवायचा आणि गराजमध्ये शिरायचं. तळाचा सगळा सडका पत्रा त्याने कापून काढला आणि नवा पत्रा असा जोडला की वेल्डिंगची रेघ हाताला लागू नये. इंजिन सुटं करून लाकडी फळीवर मांडलं. डलोरिस बोल्ट पावाच्या पिशव्यांत भरायची आणि चिठ्ठ्या लिहायची: 'पुढचं डावं दार, वरचे', 'हे कुठले तुलाच माहीत', 'हे उरले तर मला सांगू नकोस.' ती आली की हीटर बंद करावा लागे, ऑक्सिजनच्या बाटलीपाशी जाळ नको म्हणून. मग ती दोन शाली गुंडाळून खुर्चीवर बसायची, याची बोटं गारठायची, आणि दोघंही भांडत काम करायची. सीटची कापडं तिने स्वतः शिवली. बावीस वर्षं पडदे शिवण्यात गेलेली बाई, पण आता चार टाके घातले की दम लागायचा. लेनने पहिली शिवण पाहिली आणि न बोलता नखाने एक टाका दाखवला. तिरका होता. तिने उसवला. दुसऱ्यांदाही उसवला. हार्लन तिथेच उभा होता, तो तेव्हाच म्हणाला, "लेन, तू कारखाना सोडलायस रे." लेनला ते कळलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर गाडी उभी राहिली. क्रोममध्ये तोंड बघावं. हिरवा रंग तर असा की हार्लनने टोपी काढली. आता फक्त वाट पाहायची होती.

आमच्याकडे जुन्या गाड्यांवर जीव लावणाऱ्यांचा एक नेम आहे. मिठाचा शेवटचा ट्रक गेल्यावर दोन दणदणीत पाऊस झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही. एक नाही, दोन. पहिला मीठ सोडवतो, दुसरा वाहून नेतो. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडणाऱ्याकडे लोक दारुड्याकडे बघावं तसं बघतात. लेनच्या दृष्टीने तर तो धर्मच होता, आणि धर्माच्या पायी माणसाचं माणूसपण कधी सुटतं ते माणसाला कळत नाही.

चर्चच्या चाळीस दिवसांच्या उपासांआधीचा तो रविवार. घरोघरी पोंच्की, म्हणजे सारण भरलेले गोड वडे, तळल्याचा वास. रात्रीतून वारा फिरला होता, ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा ठणठणीत. डलोरिस न्याहारीला आली ती निळा कोट घालून, ओठांना लाली लावून, डोक्याला रुमाल बांधून. महिन्याभरात ती स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत गेली नव्हती. त्या दिवशी गेली. बाटली एका हातात, दुसरा हात भिंतीला.

"काढ," ती म्हणाली.

लेनने गराजचं दार उघडलं, तिला धरून बसवलं, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू! ना खोकली, ना अडखळली. कुंपणापलीकडून हार्लनने टाळ्या वाजवल्या. डलोरिसने रुमाल नीट केला आणि समोर बघत बसली. अशी बसली की वय वर्षं बावीस.

आणि हा शहाणा खाली उतरला. रस्त्यावर गेला, उकिडवा बसला, बोट ओलं करून डांबरावर घासलं आणि जिभेला लावलं. खारटच लागणार! दुसरं काय लागणार होतं फेब्रुवारीत?

तो परत आला आणि खिडकीशी वाकला. "डॉली, मीठ आहे अजून. पांढरी भुकटी आहे नुसती. चाकांनी उडेल आणि सगळी खाली जाऊन बसेल."

"लेन, सहा गल्ल्या. जाऊन येऊन दहा मिनिटं."

"दोन पाऊस होऊ देत ना गं."

"मग धू की आल्यावर. पाणी काय महाग झालंय?"

"सांध्यांत जातं ते. धुऊन निघत नाही. सगळं केलेलं वाया जाईल." आणि मग, देव त्याला क्षमा करो, तो म्हणाला, "थोडा धीर धर."

फुप्फुसं दगड होत चाललेल्या बाईला धीर धर म्हणतो हा माणूस! कुंपणापलीकडे हार्लनने टाळ्या वाजवलेले हात खिशात घातले. मध्ये पडावंसं त्याला वाटलं होतं, पण नवराबायकोत कोण पडतो? तोही नाही पडला.

डलोरिस आणखी थोडा वेळ बसली. धुराने ठसका लागला तेव्हा लेनने इंजिन बंद केलं. तिने दारावरची नवी काच एकदा खाली केली, वर केली. "छान झालीय," म्हणाली. ना आवाज चढवला, ना टोमणा मारला. मारला असता तर बरं झालं असतं. तिच्या टोमण्यांपुढे तो नेहमी नमायचा. ती हळूहळू घरात गेली आणि लेनने चाकं पुसायला घेतली. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती, तरी.

मार्चच्या सुरुवातीला बर्फाळ पाऊस झाला. झाडं मोडली, ट्रक दिवसातून तीनदा मीठ फेकून गेले. डलोरिसला दवाखान्यात न्यावं लागलं ते रुग्णवाहिकेतून. बारा दिवस होती. तिथे एकदा तिने विचारलं, "पाऊस?" लेन म्हणाला, "येईल आता." त्यानंतर तिने विचारलं नाही. मंगळवारी सकाळी ती गेली.

आणि मंगळवारी दुपारी पाऊस सुरू झाला. बुधवारी कोसळला. गुरुवारी तर गटारं तुंबली. शुक्रवारी, मयताच्या दिवशी, रस्ते काळेभोर, धुतलेल्या पाटीसारखे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच. लेन काळा सूट घालून रस्त्यावर उभा राहिला. त्याने वाकून बोट लावलं, जिभेवर टेकवलं. कसलीच चव नव्हती. हार्लनने गराजचं दार वर केलं.

शववाहिकेमागे पहिली गाडी लेनची होती. लोक फुटपाथवर थांबून बघत होते, आणि शववाहिकेकडे नव्हे. दफन आटोपल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. पुतण्याच्या गाडीत जागा नव्हती म्हणून बर्निस लेनच्या गाडीत येऊन बसली, पुढे, डलोरिसने शिवलेल्या सीटवर. हार्लन मागे बसला. बर्निस आता सत्तरीच्या पुढची. रडून तिचा चेहरा सुजला होता. लेन मनाशी तयार झाला. पायाखालच्या पत्र्यावर ती काहीतरी बोलणार, आणि आज तिने बोलावंच असं त्याला वाटत होतं.

बर्निसने पायाकडे बघितलंही नाही. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "आज बरी सुरू झाली रे."

"म्हणजे?"

"त्या रविवारी डॉलीने मला सकाळीच फोन केला होता. म्हणाली, बर्निस, चर्चहून आलीस की खिडकीशी बस, कुठे हलू नकोस. काय ते सांगेना, नुसती हसत होती. मी अकरापासून बसले. कॉफी गार झाली. एक वाजला, दोन वाजले. मग तिचाच फोन." बर्निसने नाक पुसलं. "म्हणाली, आम्ही गाडीतून येणार होतो, पण गाडी सुरूच झाली नाही. लेनने फार खटपट केली बिचाऱ्याने. त्याला वाईट वाटलंय, तू त्याला त्यावरून हसायचं नाहीस. शपथ घातली मला. म्हणून बोलले नाही रे इतके दिवस."

मागे हार्लन खाकरला. आरशात लेनला त्याचे डोळे दिसले. पहिल्या फटक्यात सुरू झालेलं इंजिन त्या दोघांनी ऐकलं होतं आणि तिसरी आता मातीखाली होती.

"काय बिघडलं होतं?" बर्निसने विचारलं. "बॅटरी का?"

चौतीस वर्षं केसाएवढी खोट ज्याने चालवून घेतली नाही, तो लेन व्रोबेल समोरच्या काळ्या, स्वच्छ रस्त्याकडे बघत राहिला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलं होतं.

"हो," तो म्हणाला. "बॅटरीच."

हार्लनने तोंड खिडकीकडे फिरवलं.

बर्निसने आपला म्हातारा हात त्याच्या हातावर ठेवला आणि थोपटला. पस्तीस वर्षांत ती त्याच्याशी इतकं मायेने कधी बोलली नव्हती. "जाऊ दे रे लेन," ती म्हणाली. "त्यात तुझा काय दोष?"